पैनगंगेच्या उतारापर्यंत

शनिवार, २० जानेवारी १९६२. सकाळचे पाच वाजून चाळीस मिनिटं झाली होती. फुलसावंगीजवळच्या तांड्यावर धावजी राठोड अंगणात बसून झोळीच्या शेवटच्या गाठी मारत होता. अंबाडीच्या दोरीची जाळी, सहा हात लांब. दोन झाडांमध्ये ताणली की माणूस तिच्यात झोपू शकतो.

अशा दोन झोळ्या नमुन्याला मागवल्या होत्या जहीर सर्व्हेअरने. हा यवतमाळचा तरुण जंगलमोजणीच्या तुकडीचा प्रमुख. त्याची आठ माणसं तीन महिने डोंगरात राहणार होती. खाटा लादलेली बैलगाडी तिथे चढत नाही आणि खडकांत विंचू फार. म्हणून झोळ्या. त्याने आणि धावजीने पाठीवर सामान घेऊन डोंगरात जायचं, एक रात्र झोपून पाहायचं, रविवारी परतायचं. पसंत पडल्या तर आठ झोळ्या घ्यायच्या आणि त्या बांधायला-सोडायला धावजीलाच तुकडीबरोबर न्यायचं, असं ठरलं होतं.

धावजीचा जीव या शेवटच्या बोलीत होता. मोजणी पैनगंगेच्या एका उतारापर्यंत जाणार होती. नदी तिथे उथळ आहे, पायी ओलांडता येते. त्याचं घराणं बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य वाहणाऱ्यांचं. अकरा वर्षांचा असताना तो बापाबरोबर तीस बैल घेऊन त्या उतारावरून पलीकडे गेला होता. परत आल्यावर बापाने बैल विकून जमीन घेतली. उतार तांड्यापासून दोन दिवसांच्या वाटेवर आहे. चौपन्न वर्षांत धावजी तिथे गेलेला नव्हता.

‘‘कोणी दावणीले बांधलं होतं काय तुमाले?’’ भाकरी फडक्यात बांधताना त्याची बायको लालीबाई म्हणाली.

‘‘अन् लोकायनं इचारलं, काहून आला, तं काय सांगू? नदी पाहाले आलो?’’

‘‘सांगा, बायकोनं हाकललं.’’

घरात झोपताना तो आजही वहाणा उशाशी ठेवतो, बैलांबरोबरच्या मुक्कामात ठेवायचा तशा. लालीबाईने यावर बोलणं कधीच सोडून दिलं आहे.

दोघं दुपारी डोंगर चढून गेले. जहीर नकाशा पाहत होता. धावजी पुढच्या पाणवठ्यांची नावं सांगत होता, बापाने पाठ करून घेतली होती त्या क्रमाने. चौथा झरा आटलेला निघाला, तेवढा एकच चुकला. माथ्यावरून दक्षिणेला नदीची पांढरट रेघ दिसत होती.

‘‘तिच्या पलीकडे काय आहे, काका?’’ जहीरने विचारलं.

‘‘आमी गेलतो तवा बाजार होता. आता काय आहे, मले काय मालूम?’’

संध्याकाळी धावजीने सागाच्या झाडांना दोन झोळ्या बांधल्या. त्याच्या घराण्यात ओझं बांधायची एकच गाठ. बैल चिखलात रुतला, नदीत घसरला, तर एका हिसक्यात ओझं सुटलं पाहिजे. नाहीतर बैल जातो. झोळ्याही त्याने त्याच गाठीने बांधल्या. गाठीचं मोकळं टोक डोक्याशी लोंबत होतं. सकाळी साडेसहाला जहीरने उठताना आधाराला तेच धरलं आणि तो पाठीवर खडकावर आदळला.

‘‘मी काय बैल आहे, काका?’’ कंबर चोळत त्याने विचारलं.

‘‘बैल असता तं वाचला असता, साहेब.’’

जहीर हसला, पण अशा झोळ्या आठ माणसांना देता येणार नव्हत्या. धावजीने दुसरी गाठ मारली, घरातल्या पाळण्याला मारतात तशी साधी, न सुटणारी. जहीर त्या झोळीत बसला, उड्या मारल्या, दोन मोठे दगड ठेवून पाहिले. झोळी टिकली. मग त्याने गाठ शिकवायला सांगितलं. धावजीने शिकवली. तिसऱ्या खेपेला जहीरला ती बिनचूक जमली.

‘‘हे तं मलेबी जमलं,’’ तो म्हणाला. ‘‘मग या वयात तुमाले डोंगरात कायले हिंडवू? घरी बसून झोळ्या करून द्या.’’

‘‘मले सवय आहे, साहेब.’’

‘‘होती, काका.’’

हे त्याने मायेने म्हटलं होतं. धावजी दुसरी झोळी सोडायला लागला. उताराचं नाव त्याने दोन दिवसांत एकदाही काढलं नव्हतं. जहीरला त्याबद्दल आजही काही माहीत नाही.

‘‘पसंत पडली?’’ रविवारी संध्याकाळी लालीबाईने विचारलं.

‘‘पडली.’’

‘‘मंग कवा निघता?’’

‘‘झोळ्या जातीन.’’

पाठीवरचं गाठोडं तिने स्वतः उतरवून घेतलं.

उरलेल्या सहा झोळ्या त्याने दोन आठवड्यांत पुऱ्या केल्या आणि आज, रविवार, ४ फेब्रुवारीला, आठही जहीरच्या माणसाकडे सोपवल्या. तुकडी उद्या सकाळी आठ वाजता तांड्यासमोरून डोंगराकडे निघेल. तांड्यामागच्या शेतात धावजीची रब्बी ज्वारी दाण्यावर आली आहे. पाखरं उजाडताच उतरतात आणि सात ते दहा राखणीची पाळी त्याची असते.