गुण्यात नसलेलं कपाट

आप्पा गेल्यावर पंचवटीतलं घर बंद करून आईला इंदिरानगरला आणलं. उन्हाळा उलटला तरी तिच्या साड्या पिशवीतच. "चार दिवसांनी जायचंय," म्हणायची. नोकरी सांभाळून रोज नदीपलीकडे खेपा घालायचं त्राण माझ्यात उरलं नव्हतं. पिशवी रिकामी झाली तरच ती राहील, हे मला कळत होतं. म्हणून कपाट मागवलं.

ते आलं खोक्यात. भुसा दाबून केलेल्या सुट्या फळ्या, लाकडी खुंट्या, मूठभर स्क्रू. सुताराची मुलगी आहे, जमेल, असं वाटलं. फळीला फळी काटकोनात लावायची, खुंट्या भोकांत बसवायच्या, स्क्रू आवळायचे. आई धरून बसली, मी आवळत गेले. कंबरेचा पार काटा ढिला झाला. शेवटी मागची पातळ फळी कशीबशी ठोकून टाकली आणि कपाट उभं केलं, तर दार लागेना.

"गुण्यात नाही," आई म्हणाली.

"आता तू सुरू होऊ नकोस."

ती उठली. पिशवीच्या तळातून साडीत गुंडाळलेला आप्पांचा गुण्या काढला. काटकोन तपासायची ती लोखंडी पट्टी तिनं बरोबर आणली होती, हे मला माहीतही नव्हतं. लहानपणी मला वाटायचं, गुण्यागोविंदानं राहतात ते याच गुण्यानं, आणि गोविंद हा कुणी दुसरा सुतार असणार. आईआप्पांचं वाजलं की मी विचारायची, गोविंदला बोलावू का? मग दोघं हसायची.

आईनं गुण्या कपाटाच्या कोपऱ्यात लावला. करंगळी जाईल एवढी फट. मागची फळी ठोकण्याआधी हे बघायला हवं होतं. आता खिळे उपटले तर भुसा निघणार. मी तिथंच फरशीवर बसले आणि मला रडू आलं. कपाटाचं काही नाही, मी नुसती दमले होते.

आईनं गुण्या खाली ठेवला. मग म्हणाली, "तुझ्या आप्पांनी गावभर कपाटं केली. आपल्या घरातल्या कपाटाचं दार कधी लागलं का? मी आपली दोरी बांधायचे." थोड्या वेळानं तिनं विचारलं, "दोरी आहे का घरात?"

मी शोधायला उठले. परत आले तेव्हा पिशवी रिकामी होती.