बाबांच्या मुठीतलं मीठ

कॅन्टीनच्या मुख्य आचाऱ्याच्या घरी स्वयंपाक शिकायचा म्हणजे पोरीला दुसरं कॉलेजच. कांदा जरा जाड चिरला गेला की बाप विचारायचा, "हे काय, सरपण फोडलंस?" बाकी सगळं तिच्याकडून करून घ्यायचा, पण मीठ स्वतःच घालायचा. मिठाच्या बरणीला हात लावायची बायकोचीसुद्धा टाप नव्हती.

त्या रविवारी कॅन्टीनमधले सोबती जेवायला यायचे होते, आणि स्वारीचं नाक सर्दीनं चोंदलेलं. मीठ घातलेली भाजी त्यानं चाखली, तोंड वाकडं केलं आणि "अळणी आहे" म्हणत पुन्हा मूठ भरली. पोरीनं त्याचं मनगटच धरलं.

"बाबा, मीठ बरोबर आहे. आज तुमच्याच तोंडाला चव नाहीये."

"तुझ्या जन्माआधीपासून मीठ घालतोय मी."

"घालत असाल. आता नाही घालायचं."

असा हात त्याचा आजवर कुणी धरला नव्हता. आज भाजी फसली असती तर उद्या कॅन्टीनभर शोभा झाली असती. त्यानं पोरीकडे पाहिलं. ती काही मनगट सोडेना. शेवटी मूठ बरणीत रिकामी झाली.

पाहुण्यांनी भाजी दोनदा मागून घेतली. एकजण म्हणाला, "उस्ताद, मीठ कसं अगदी तुमच्या हातचं."

गप्प राहिला असता तरी चाललं असतं. पण गडी छाती काढून म्हणाला, "मी खारट करून ठेवणार होतो. पोरीनं हात धरला माझा."

सोबत्यांचे घास हातातच राहिले. हा माणूस चूक कबूल करताना त्यांनी कधी पाहिलाच नव्हता, आणि तेही इतक्या रुबाबात.