अकराव्या महिन्यातली बुरशी

पुण्याला निघाले त्या दिवशी वरोऱ्याच्या स्टँडवर बाबांनी बॅग गाडीत ठेवली आणि खाली उतरून माझ्या खिडकीपाशी आले. "घरमालकानं आडनाव इचारलं तं सरळ सांगजो," ते म्हणाले, "पण सांगताना त्याचं तोंड पाहून घेजो." आई पदराने डोळे पुसत होती. गावात राहिलेल्या तुम्हा सगळ्यांना हे जरा अतीच वाटेल. माझ्यासारखे जे शहरात भाड्याची खोली शोधत फिरलेत, त्यांना नाही वाटायचं.

हिंजवडीत नोकरी आणि घर कसबा पेठेत. घरमालक काका जिन्याच्या पलीकडेच राहतात. पहिल्याच भेटीत त्यांनी विचारलं, "मूळच्या कुठल्या आपण?" वरोरा सांगितलं. "आडनाव?" रामटेके सांगितलं. ते म्हणाले, "हं." घर मिळालं, किल्ली मिळाली, तरी ते 'हं' मी वर्षभर चघळत राहिले.

आपली गावाकडची न्हाणी म्हणजे अंगणातल्या तीन भिंती, पत्र्याचं दार आणि वर आभाळ. चंद्रपूरकडच्या उन्हात फरशी बघता बघता कोरडी होते. बुरशी मी फक्त लोणच्यावर पाहिलेली. इथे पावसाळ्यात शॉवरच्या वर, छताच्या कोपऱ्यात काळे ठिपके दिसले.

बाबा त्याच हिवाळ्यात गेले. आई तिथे एकटी पडली, तिला माझ्याकडे आणायचं होतं. पण अ‍ॅग्रीमेंट अकरा महिन्यांचं, आणि काकांना मला काढायचंच असेल तर हा काळा कोपरा आयता हातात सापडणार. आडनाव थोडंच कुणी तोंडावर काढतं? म्हणतात, घर घाण ठेवता.

म्हणून मी तो कोपरा लपवला. न्हाणीघराची खिडकी त्यांच्या गॅलरीकडे उघडते, ती कायमची लावून टाकली. दार बंद. एक्झॉस्ट फॅनमधून वास त्यांच्याकडे जाईल म्हणून तोही बंद. दर रविवारी ब्लीचने घासायचं, गुरुवारपर्यंत ठिपके परत हजर. मग वाटायला लागलं की वरच्या मजल्याची गळती काका माझ्यापासून लपवताहेत. मी डागाभोवती पेन्सिलने रेघ मारली. पंधरा दिवसांत डाग रेघेबाहेर. पुरावा म्हणून मोबाईलवर फोटो काढून ठेवले.

अकराव्या महिन्यात एका रविवारी सकाळी बेल वाजली. काका घर बघायला म्हणून आत आले ते थेट न्हाणीघरात. माझी उत्तरं पाठ होती. त्यांनी वर पाहिलं, मग खिडकीला दोनदा बुक्की मारली तेव्हा ती उघडली.

"ही कधीपासून बंद आहे?"

"आठ-नऊ महिने झाले. समोर तुमची गॅलरी आहे ना."

"गॅलरीत माझी तुळस आहे. ती कोणाकडे बघत नाही."

काका घरी जाऊन पांढऱ्या व्हिनेगरची बाटली घेऊन आले. "आधी ते ब्लीच पाण्याने पूर्ण धुवा आणि वाळू द्या. दोन्ही एकत्र झाली तर विषारी वाफ होते. मग हे फवारा, तासाभराने ब्रशने घासा, कोरडं पुसा. आंघोळ झाली की भिंतींवरून वायपर, अर्धा तास फॅन, खिडकी उघडी. ब्लीचने नुसता रंग जातो, बुरशी राहते."

म्हणजे इतके महिने ती मीच पोसत होते. मला लाज वाटली. पण तेवढ्यात काका म्हणाले, "आईंना कधी आणताय? नव्या अ‍ॅग्रीमेंटमध्ये त्यांचं नाव घालू." हे यांना कोणी सांगितलं? मी जिन्यात उभी राहून फोनवर बोलते, ते ऐकलं असणार. एवढ्या चांगल्या बातमीतही मला आधी राग आला तो याचाच.

आई आली त्याला आता आठ महिने झाले. कोपरा पांढरा आहे. तरी बेल वाजली की मी आधी न्हाणीघरात जाऊन छत बघून येते, मग दाराकडे वळते. तोवर आईने दार उघडलेलं असतं आणि ती काकांना म्हणत असते, "या ना जी, बसा, चहा मांडते." पुण्यात आईचं घर झालं. मी अजून भाडेकरूच आहे.