मामंजींच्या वाऱ्याची साक्ष

रिहे गावच्या सगुणाचं लग्न होऊन अकरा वर्षं झाली, पण सासऱ्याशी ती एक शब्द बोललेली नव्हती. भांडण म्हणाल तर नाही, घरची रीतच तशी. जेवण वाढलं की ती गोठ्याकडं तोंड करून गाईला सांगायची, "अगं चांदे, भाकरी वाढलीया म्हणावं." सासरा गेणबाही गाईकडंच बघून म्हणायचा, "आलो म्हणावं." त्या घरात सगळ्यांचं ऐकून घेणारी ती गायच एकटी, असं गावात म्हणत.

अठ्ठ्याहत्तर सालच्या दिवाळीनंतर गेणबाच्या आतड्याला पीळ पडला. पुण्याच्या दवाखान्यात पोट उघडून हातभर आतडं काढलं. सगुणाचा नवरा नथू दोन दिवस थांबला, पण कापलेलं भात शेतात पडलेलं, तो परत गेला. सासू कधीच वारलेली. उरली सगुणा, पदर नाकापर्यंत ओढून. आणि खाटेवर मामंजी, नाकात नळी, हाताला सलाईन. गाय तेवढी नव्हती.

डॉक्टर रोज सकाळी भर वॉर्डात विचारायचे, "आजोबा, वारा सरला का?"

गेणबा भिंतीकडं तोंड फिरवायचा.

"म्हणजे आतडी अजून झोपलीत. वारा सरल्याशिवाय पाण्याचा थेंब नाही. आणि बाई, चालवा यांना. नुसतं पडून ती जागी कशी होणार?"

चालवायचं म्हणजे दंडाला धरायचं. सगुणानं हात पुढं केला की गेणबा डोळे मिटून घ्यायचा. पोट फुगून टणक झालं, ओठांना भेगा पडल्या. ती ओला कापूस ओठांवरून फिरवी, तर म्हातारा तो चोखायला बघे, आणि तिला तो तोंडातून ओढून घ्यावा लागे. असलं काम वैऱ्यावरही येऊ नये.

शेजारच्या खाटेवरच्या पेशंटची बायको, उरवडे गावची गोजराबाई, तोंडानं भलती मोकळी. "अगं, लाजून मरंल ह्यो म्हातारा! आमच्या ह्येंनी तिसऱ्या दिशी असा सोडला, का नर्सबाईनं पेढं मागितलं."

सगुणाला हसू आलं नाही. पाचव्या दिवशी डॉक्टरांनाही नाही.

"उद्यापर्यंत नाही झालं तर पुन्हा पोट उघडावं लागेल. आणि या वयात..." ते पुढच्या खाटेकडं वळले.

ते गेले तशी सगुणानं खांबावरची सलाईनची बाटली काढली, एका हातानं उंच धरली आणि दुसऱ्या हातानं मामंजींचा दंड धरला. गाईला विचारलं नाही, कुणालाच विचारलं नाही. हात वर गेला तसा पदर खांद्यावर घसरला. सावरायला तिसरा हात कुठून आणणार? सुनेचं उघडं डोकं दिसलं तशी गेणबानं मान खाली घातली, ती दार येईतो वर केली नाही. दार, खिडकी, पुन्हा दार. काही नाही. संध्याकाळीही काही नाही.

सकाळी तिसऱ्या फेरीला, खिडकीपाशी, बारीकसा आवाज झाला.

गेणबा जागीच थांबला. सगुणाही. दोघं छताकडं बघत राहिली. नशीब, गोजराबाई नळावर गेली होती. नाहीतर दुपारच्या एस.टी.नं बातमी उरवड्यात.

डॉक्टर आले. "वारा सरला का?"

गेणबानं सुनेकडं चोरून बघितलं. "न्हाई."

"सिस्टर, थिएटर तयार ठेवायला सांगा."

सगुणानं इकडंतिकडं बघितलं. निरोप द्यायला कुणी नव्हतं.

"खोटं बोलत्यात ते," ती म्हणाली. "सरला. म्या ऐकला. मोठा व्हता."

गेणबानं चादर डोक्यावरून ओढली. आतून आवाज आला, "एवढा बी मोठा न्हवता."

डॉक्टरांनी कानातली नळी पोटाला लावली, बराच वेळ ऐकलं. "आतडी कुरकुरतायत. दोन चमचे पाणी द्या. दोनच."

सगुणानं दोन चमचे पाजले. म्हाताऱ्याच्या डोळ्यांत पाणी आलं. मग सलाईनच्या खांबाकडं बघत तो म्हणाला, "आजून एक दे म्हणावं."

सगुणानं रिकामा चमचा मुठीत धरला, आणि तीही खांबाकडंच बघत म्हणाली, "डागदर न्हाई म्हणत्यात, म्हणावं."