गंजाने धरलेलं शिसं

बॅटरीचा कारखाना बंद पडला आणि बाबा घरी बसले. पण रिकामं बसणं त्यांच्या स्वभावातच नव्हतं. घरामागच्या, कारखान्याच्या कुंपणाला लागून असलेल्या तुकड्यात त्यांनी पालेभाजी लावली. बघता बघता सगळी गल्ली त्यांना पालेवाले आजोबा म्हणू लागली.

मुलगी माती तपासणाऱ्या प्रयोगशाळेत कामाला होती. त्या मातीत शिसं आहे हे तिनेच शोधलं आणि उपायही तिनेच केला. लोखंडाच्या गंजाची बारीक भुकटी मातीत कालवली. शिसं गंजाच्या कणांना चिकटून बसतं, झाडात चढत नाही. पुढच्या पाल्यात शिसं नावालाही सापडलं नाही.

"जन्मभर या गंजाने माझी यंत्रं खाल्ली," बाबा हसत म्हणाले, "म्हातारपणी कामाला आला."

मग त्यांनी फळांच्या साली कुजवून आंबट पाणी करायला घेतलं. ते घातल्यावर पाला असा तरारला की जुड्या वाटून हात दुखायचे. नात, म्हणजे मुलाची मुलगी, तर कोवळी पानं तिथल्या तिथेच खायची.

मुलगी आंबट पाण्याबद्दल काही बोलली नव्हती. फळांतलं आम्ल थोडंसंच असलं तर शिसं गंजाला उलट घट्टच धरतं, हे तिला ठाऊक होतं. त्यावरच तिची भिस्त होती. एकदा सहज म्हणून तिने पानं तपासायला नेली. आकडा बघून यंत्र धुतलं, पुन्हा लावलं. आकडा तोच. आम्ल फार झालं होतं. त्याने गंजही विरघळवला होता आणि शिसं आपल्याबरोबर पाण्यात ओढून नेलं होतं.

"मग आंबट पाणी बंद करतो," बाबा म्हणाले.

"ते बंद करा. पण बाबा, मुळंही आम्ल सोडतात. मातीतून अन्न सुटावं म्हणून."

"म्हणजे काही उगवलं की शिसं सुटणारच?"

"आता गंजच कमी उरलाय. नवा घातला तरी सगळं धरेल याची खात्री नाही. थोडं थोडं सुटणार."

नातीच्या रक्तात शिसं निघालं. डॉक्टर म्हणाले, एवढ्याला औषध देत नाहीत. पाला थांबवा आणि वाट बघा. तरी सूनबाई नेहमीसारखं "बाबा, जेवायला चला" म्हणाली. बाबा अर्ध्या ताटावरून उठले.

ते घरोघरी सांगत फिरले. कुणी घाबरलं, कुणी थट्टेवारी नेलं. कोपऱ्यावरचा शिंपी म्हणाला, "आजोबा, आम्ही ठणठणीत आहोत. द्यायचा नसेल तर तसं सांगा."

बाबांनी सगळा वाफा उपटला, वर ताडपत्री अंथरली. तरी कडेकडेने गवत फुटलंच. मुलगी आली तेव्हा ते उकिडवे बसून एकेक काडी उपटत होते. बरीच मुळं मातीतच तुटत होती.

तुटलेली मुळं कुजतात आणि कुजतानाही आम्लच सुटतं, हे तिच्या अगदी ओठांवर आलं होतं.

"नीट उपटतोय ना गं?" बाबांनी मान वर न करता विचारलं.

"हो, बाबा," ती म्हणाली, आणि पदर खोचून त्यांच्या शेजारी बसली.