पंप धुतलेल्या पाण्यातले मासे

सोयाबीनवर तणनाशक मारून झालं की आमच्याकडं पाठीवरचा पंप ओढ्यातच धुतात. नोझल तुंबू नये म्हणून लगेच धुवावा लागतो आणि ओढा बांधालाच असतो. नळदुर्गच्या आसपास सगळ्या शिवारांत हीच रीत. आमच्या ओढ्याचं पाणी पुढं माझ्या शेततळ्यात येतं आणि तळ्यात मी मासे पाळते. वरच्या अंगाला माझ्या दिरांचं शेत, त्यांना हे चांगलं ठाऊक होतं.

त्या पावसाळ्यात मासे सकाळी वर येऊन तोंडं वासायला लागले. मेले मात्र नाहीत. मेले असते तर विकायचा प्रश्नच नव्हता. हायवेवरच्या ढाब्याला मी शब्द दिलेला. जाळं टाकलं, रोहू निघाले, वरून धडधाकट. माल देण्याआधी मी एखादा चिरून बघते. कल्ले लालभडक हवेत. ते फिकट, सुजलेले, वर बुळबुळीत थर. काळीज, म्हणजे यकृत, पिवळट, बोटानं दाबलं तर चिखलासारखं फुटलं. आणखी काही चिरले. तेच. मासा कल्ल्यांनी श्वास घेतो आणि पोटात गेलेलं विष काळजाला निस्तरावं लागतं. आधी सडणार ते हेच.

दिरांना बोलावलं आणि चिरलेल्या माशांचा पाट पुढं सरकवला.

"रोग आला असंल, वहिनी."

"तुमच्या पंपातून आला."

ते हसले. "तणनाशक गवतासाठी असतंय. मासा काय गवत हाय व्हय?"

पहिल्या जाळ्यातला वानवळा दर साली दिरांच्या घरी जातो. मी त्यातलेच चार रोहू पाटीत घातले आणि समोर धरले. "न्या मग. जावेला म्हणावं, झणझणीत रस्सा कर."

"आज मंगळवार. देवीचा वार."

"बर्फात ठेवते. उद्या न्या."

पाटीला त्यांनी हात लावला नाही. "घरात लेकरं हायेत, वहिनी," ते पुटपुटले. मग म्हणाले, "ढाब्यावर खपतील की. मसाल्यात कुणाला काय कळतंय?"

माझं डोकं फिरलं. "ट्रकवाले काय आभाळातून पडलेत? त्यांना लेकरं नाहीत?"

ते निघून गेले. मी ढाब्याला फोन करून नाही म्हणाले. मालक म्हणाला, "बाई, आता परत येऊ नका." सगळा माल खड्ड्यात घातला, ओढ्याकडून येणारी मोरी मातीनं बुजवली, तळ्याला बोअरचं पाणी लावलं. बोअर किती पुरतंय ते बघू.

दिरांनीही सुधारणा केली. आता ते पंप माझ्या तळ्याच्या खालच्या अंगाला धुतात. वहिनीची कटकट नको म्हणून. तिथून पुढं एक बाई ओढ्याच्याच पाण्यावर मासे पाळते. मी तिच्याकडं गेले, काय झालं ते सांगितलं, आणि पंप कोण धुतं तेही सांगितलं. दुसऱ्या दिवशी ती दिरांच्या दारात येऊन भांडली. तेव्हापासून ते माझ्याशी बोलत नाहीत.

न बोलू देत.