सेव्ह करायचं राहून गेलं

मित्रांनो, आज दुपारी सालेकशाच्या जंगलातल्या एका आरोग्य उपकेंद्रात राउटर लावला. तिथं मोबाइलला रेंज नाही. अँब्युलन्स बोलवायची तर फोन या राउटरवरूनच.

लॅपटॉपवरून वेब एपीआयनं, म्हणजे नेटवरूनच कमांड देऊन, सगळी सेटिंग धाडली, फोन चालू झाला. सिस्टर म्हणाल्या, "भाऊ, इथं लाईट जाऊन-येऊन राहते. मंग बंद नाही ना पडणार? आत बाई आहे, तिला कळा सुरू झाल्या."

"बिनधास्त राहा ना ताई!"

सेटिंग सेव्ह करायची कमांड वेगळी द्यावी लागते. देणारच होतो, पण बाहेर बाया मोहफुलं वेचून राहिल्या होत्या, त्यांच्याशी गप्पा हाणत बसलो. तेवढ्यात बस आली.

आमच्या जिल्ह्यातल्या गोरेगावच्या अलीकडं बसमधून मागे वळून पाहिलं, तर आभाळ काळंकुट्ट. तेव्हा आठवलं. लाईट एकदा जाऊन आली की राउटर कोरा, फोन बंद. मोबाइलवरून सेव्हची कमांड पाठवली, राउटरचं उत्तर नाही. उपकेंद्राच्या त्याच फोनवर सिस्टरला लावला, लागत नाही.

कंडक्टर ओरडला, "काऊन उतरून राहिला बे? परतीची गाडी नाही आता!"

रस्त्यावर उभा आहे. सालेकशाकडं बाईकनं कोणी जाऊन राहिलं का? मला घेऊन चला.